इंधन किती मिनिटांचं?

मी हेडफोन. गाणी ऐकायचा नव्हे हं. विमानांना खाली उतरवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर बसणारा. दोन कानांवर दोन वाट्या, मधे पट्टी, आणि गालावरून तोंडापाशी गेलेली माईकची बारीक दांडी. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, स्वतःचा एक शब्द कधी मधे घातला नाही. आता माझी डावी वाटी चिरडली आहे, वायर मुळापासून उपटली आहे. कामावरून काढलेल्या माणसाला जसं बोलावंसं वाटतं, तसं मला आज वाटतंय. म्हणून बोलतोय.

माझा जन्म चटके खाऊन झाला. कारखान्यात एका बाईने तापलेल्या सळीने माझ्या तारा एकेक करून डागल्या. धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण हात थांबत नव्हता. मग मला टेबलाच्या उंचीवरून फरशीवर आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं. माझ्याबरोबरचे जे फुटले ते टोपलीत गेले. मी फुटलो नाही, म्हणून खोक्यात गेलो. आम्हाला जन्मतःच एवढी मारहाण का, ते तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं.

विमानतळाच्या मनोऱ्यावर चारी बाजूंनी काचा असलेली एक खोली आहे. तिथे माझं आयुष्य गेलं. लांबलचक टेबल, त्यावर रडारचे पडदे, चाकांच्या खुर्च्या, थंड झालेल्या चहाचे कप. तिथे बसणाऱ्यांना कंट्रोलर म्हणतात. वरची विमानं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत, आणि एकामागून एक नीट उतरावीत, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण रस्त्यावरची गाडी बाजूला घेऊन थांबवता येते. विमानाला थांबता येत नाही. थांबायचं म्हटलं तरी त्याला गोल गोल घिरट्या घालाव्या लागतात, आणि घिरट्या घालताना त्याचं इंधन जळतच असतं.

माझे पहिले मालक सगळ्यांना शिकवणारे मोठे साहेब होते. त्यांचा आवाज असा की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी दचकून उठायचा. पाठीमागे सगळे त्यांना तोफसाहेब म्हणत. त्यांच्या डोक्यावर बसून मी पुष्कळांना रडताना पाहिलं. चुकलं की ते लाकडी पट्टी टेबलावर अशी हाणत, की कप उड्या मारत.

एकदा नवी मुलगी शिकायला आली. त्याच पुढे मॅडम झाल्या, म्हणून मी त्यांना आत्तापासूनच मॅडम म्हणतो.

"समज, वैमानिक म्हणाला, इंधन कमी होत चाललंय. काय करशील?" तोफसाहेबांनी विचारलं.

"त्याला रांगेत पुढे घेईन."

पट्टी टेबलावर कडाडली. "घेशील! माहेरची रांग आहे का तुझ्या? इंधन सगळ्यांचंच कमी होत असतं. वर गेल्यावर वाढतं का कुणाचं?"

"मग नाही घेणार, साहेब."

पुन्हा पट्टी. "नाही घेणार! आणि तो पडला म्हणजे? प्रेतं मोजायला तू जाशील?"

मॅडमचे डोळे भरून आले. "मग करू तरी काय?"

"विचार!" साहेब ओरडले, पण लगेच खाली बसले, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. "वैमानिक नेमकं सांगत नाही. 'मेडे', म्हणजे जीव धोक्यात आहे, असं म्हणाला की त्याच्यासाठी आभाळ मोकळं करावं लागतं, हे त्याला माहीत असतं. मग खाली उतरल्यावर कंपनी विचारते, एवढी वेळ का आणलीस? म्हणून तो शेवटपर्यंत म्हणतो, जरा कमी आहे, बघा जमलं तर. सासरी गेलेल्या मुलीसारखं असतं ते. कशी आहेस विचारलं तर बरी आहे म्हणणार. नेमकं विचारावं लागतं. तसं इथे दोन प्रश्न. इंधन किती मिनिटांचं? आत माणसं किती? इंधनाचा शब्द कानावर पडला की हे दोन प्रश्न विचारायचे. मग तो कुणी का असेना. श्वास नंतर घ्यायचा."

मॅडमनी ते असं घोकलं, की पुढे कितीतरी वर्षं त्यांची जीभ एकदाही अडखळली नाही. इंधन म्हटलं की दोन प्रश्न. कधी उत्तर यायचं, तासभर पुरेल. मग रांगेतच ठेवायचं. कधी कमी यायचं. मग मार्ग जवळचा करून द्यायचा, बाकीच्यांना बाजूला काढायचं. विमान उतरलं की मॅडम मला कानावरून खाली ओढून गळ्यात अडकवत आणि पाणी पीत. बस्स. कुणी टाळ्या वाजवत नसे.

तोफसाहेब खोलीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी मला मॅडमच्या हातात दिलं. "हा घ्या. मी एवढा ओरडलोय ह्याच्यात, तरी बहिरा झाला नाही."

मॅडमना तोवर एक मुलगी झाली होती. दिवसभर इकडून तिकडे चालणारी, म्हणून घरात तिचं नाव मुंगी. मॅडमची आई तिला सांभाळायची. सुट्टीच्या वेळात मॅडम एक वाटी कानावरून सरकवून घरी फोन लावत. "आई, दूध प्यायली का? अंग गरम आहे? हाताने नको गं बघूस, थर्मामीटर लाव. खिडकी बंद आहे ना? नीट बघ, कडी लावलीय का बघ." वर विमानांना थंड आवाजात वळवणारी बाई खाली खिडकीच्या कडीसाठी घाबरायची. तोफसाहेब चिडवत, "मॅडम, मुंगीलाही रडारवर घ्या एकदाची."

मनोऱ्यावरच्या लोकांना वैमानिक चेहऱ्याने माहीत नसतात, आवाजाने असतात. मॅडमनी त्या आवाजांना नावं दिली होती. एक कायम घाईत, त्याचं नाव लगीनघाई. आणि एक बोलण्याचं बटण सोडायला विसरायचा, त्यामुळे त्याचं गुणगुणणं आमच्या कानात यायचं. त्याचं नाव गवई. अतिशय सभ्य माणूस. नेहमी आधी "बोला मॅडम" म्हणायचा.

त्या दिवशी दुपारी गवईच्या विमानातून मॅडमची आई आणि मुंगी मामाकडून परत यायच्या होत्या.

मॅडमनी सकाळीच साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ का?" पण दोन माणसं आजारी होती. मॅडम म्हणाल्या, "नको साहेब. मला सगळी विमानं सारखी." हे त्या एवढ्या ठासून म्हणाल्या, की त्यांच्या कानशिलाची शीर माझ्या वाटीखाली थडथड उडत होती.

दुपारी वादळ आलं. येतंय येतंय म्हणून नाही आलं, अंगावर धावून आलं. आधी तपकिरी धुळीची भिंत, मग गारा. लिंबाएवढ्या गारा काचांवर दगडासारख्या आपटायला लागल्या. खाली मैदानात एक शिडीची गाडी वाऱ्याने ढकलत नेली आणि उभ्या विमानाच्या पोटात घुसवली. पश्चिमेकडची एक काच फुटली आणि तिचे तुकडे खोलीभर उडाले. एका कंट्रोलरच्या भुवईतून रक्त गालावर आलं. तो बाहीने पुसत बोलतच राहिला. धावपट्टी बंद करावी लागली. शेजारचा विमानतळही बंद. वर आलेली सगळी विमानं एकावर एक थर लावून घिरट्या घालू लागली.

वाऱ्याचा जोर जरा ओसरल्यावर धावपट्टी उघडली. मॅडमनी रांग लावली. एक मोठं विमान आधीच उतरायला निघालं होतं. त्याच्यामागे लगीनघाई, मग आणखी एक, आणि चौथा गवई.

तेवढ्यात गवईचा आवाज आला. "मॅडम, इंधन जरा कमी होत चाललंय, बरं का."

मी वाट बघत राहिलो. आता दोन प्रश्न येणार. दांडी त्यांच्या ओठांशीच होती, आणि ओठ उघडलेही होते. पण श्वास आला, शब्द आला नाही.

"समजलं," मॅडम म्हणाल्या. "रांगेत तुम्ही चौथे."

दुसरं कुठलं विमान असतं, तर प्रश्न कधीच विचारून झाले असते. पण विमानात मुंगी होती. उत्तर कमी आलं तर त्याला पुढे घ्यावं लागणार, आणि मग सगळे म्हणणार, पोटची पोर होती म्हणून रांग मोडली. मॅडमनी तोंडाने हे कुणाला सांगितलं नाही. पण मी त्यांच्या हाडाला टेकलेलो होतो. त्या दात आवळत होत्या, आणि ते आवळणं मला कळत होतं.

थोड्या वेळाने पुन्हा गवई. "मॅडम, जरा बघता का आमचं?" त्याचं गुणगुणणं थांबलेलं होतं.

"समजलं. तुम्ही चौथेच."

तोफसाहेब पलीकडे अग्निशमन गाड्यांशी फोनवर भांडत होते. हे दुसरं उत्तर त्यांच्या कानावर पडलं. फोन तसाच टाकून ते आले आणि माझी एक वाटी त्यांनी मॅडमच्या कानावरून ओरबाडून काढली.

"कुणाचं इंधन?"

"गवईचं."

"किती मिनिटांचं?"

मॅडमची नजर पडद्यावरच राहिली.

"विचारलं नाहीस?"

"साहेब, आत मुंगी आहे."

"मग?"

"लोक म्हणतील, मी तिला पुढे—"

साहेबांनी टेबलावर मूठ हाणली. पडद्यासमोरचा कप खाली पडून फुटला. "मुंगीला पुढे घेऊ नकोस! त्या विमानाला विचार! गावातल्या कुत्र्याचं विमान असतं तरी विचारलं असतंस ना?"

मॅडमनी मला कानावर ओढलं. "इंधन किती मिनिटांचं? माणसं किती?"

"नऊ मिनिटांचं, मॅडम. माणसं चौऱ्याऐंशी." मग तो म्हणाला, "मेडे. मेडे. मेडे."

त्या क्षणी मॅडमचा आवाज दगडासारखा झाला. गवईला त्यांनी सरळ धावपट्टीकडे वळवलं. रांगेतलं तिसरं विमान बाजूला काढलं. पहिलं टेकलं. पण लगीनघाई मधोमध होता, जमिनीजवळ आला होता.

"उतरू नका. वर जा. डावीकडे वळा."

"आत्ता?" लगीनघाई किंचाळला. "धावपट्टी दिसतेय मला! माझ्यामागे पण माणसं बसलीत, मेंढरं नाहीत!"

"तुमचं इंधन किती मिनिटांचं?"

"चाळीस, पण—"

"वर जा!"

त्याने एक घाणेरडी शिवी दिली. ती मी जशीच्या तशी पोचवली, माझा नाइलाज होता. पण तो वर गेला.

आता आभाळात एवढीच एक वाट होती, आणि त्या वाटेवर एक विमान. पुन्हा गारा सुरू झाल्या. लाल गाड्या भोंगे वाजवत धावपट्टीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मॅडम गवईला दर थोड्या वेळाने अंतर सांगत होत्या. मधेच आवाज आला, "डावं इंजिन गेलं."

"सरळ या. समोरच आहे धावपट्टी."

मग नुसता वाऱ्याचा आवाज. मग, "उजवंही गेलं, मॅडम."

गॅसचा सिलिंडर संपला तर चूल विझते, घरातली माणसं जागेवरच असतात. विमानाचं तसं नसतं. ते पडत राहतं. त्याला पडता पडता पुढे सरकवत न्यायचं, एवढंच हातात राहतं. ढगातून ते बाहेर आलं तेव्हा आम्हाला काचेतून दिसलं. काही आवाज नाही, पंख डगमगताहेत, पोट जमिनीकडे झुकलेलं.

"दिसली मॅडम, दिसली," गवई म्हणाला.

धावपट्टी त्याला दिसली, पण पुरली नाही. तिच्या अलीकडच्या गवतात विमान आपटलं. चाकं मोडून पोटात घुसली. विमान पुन्हा उडालं, पुन्हा आपटलं, उजवा पंख कागदासारखा फाटून वेगळा झाला, आणि आतल्या माणसांसकट ते गरगर फिरत गेलं. नाक जाऊन बाहेरच्या दगडी भिंतीत शिरलं. गवईचं बोलण्याचं बटण दाबलेलंच होतं. तो सगळा आवाज, पत्र्याचा, काचांचा, माणसांचा, मी मॅडमच्या कानात ओतला. मला गप्प बसता आलं असतं तर बसलो असतो. पण माझी घडणच तशी नाही. मग आवाज तुटला.

विमान पेटलं नाही. पेटायला आत थेंबच उरला नव्हता.

मॅडम उठल्या आणि काचेकडे धावल्या. मी डोक्यावरच होतो, माझी वायर टेबलात अडकलेली. हिसका बसला आणि वायर मुळातून उपटली. मी फरशीवर पडलो, आणि मागून साहेबांनी ओढलेली खुर्ची माझ्या डाव्या वाटीवरून गेली. साहेबांनी मॅडमना दंडाला धरून बाजूला केलं, स्वतः खुर्चीत बसले, दुसरा हेडफोन चढवला. वरची विमानं अजून वरच होती ना. शेजारचा विमानतळ तोवर उघडला होता. सगळ्यांना तिकडे पाठवलं. "जा तू," ते मागे न बघता म्हणाले, "खाली जा, पोरीकडे जा." मॅडम जिना उतरताना त्यांच्या चपला वाजत होत्या. एक वरच्या पायरीवर निसटून राहिली, तिच्यासाठी त्या थांबल्या नाहीत.

मॅडमच्या आईच्या फासळ्या मोडल्या. मुंगीचा खांदा मोडला, कपाळ फाटलं. कुणाचे हात गेले, कुणाचे दात. पण सगळे जगले. फक्त भिंतीत शिरलेल्या नाकात बसलेला गवई जगला नाही.

पुढे जे झालं ते मी खोलीतल्या खणात पडून ऐकलं. वर्तमानपत्रांत आलं, कंट्रोलरबाईने स्वतःच्या मुलीसाठी दुसऱ्यांची विमानं परतवली. फाटकाबाहेर लोक जमले, कुणीतरी दगड मारून पहारेकऱ्याचं डोकं फोडलं. एक दिवस लगीनघाई स्वतः मनोरा चढून वर आला. त्याने साहेबांची कॉलर धरली. दोघांची झटापट झाली, खुर्ची उलटली. त्याला ओढून काढलं तेव्हा त्याला कोपऱ्यात मॅडम दिसल्या. आवाजावरून त्याने ओळखलं, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना सोडा. बोलायचं ते माझ्याशी बोला."

"माझा मित्र होता तो," लगीनघाई धापा टाकत म्हणाला. "मला विचारलंत ना, किती मिनिटांचं म्हणून? त्याला केव्हा विचारलंत?"

"उशिरा," मॅडम म्हणाल्या.

चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं. साहेब त्यांना बजावून थकले होते, की जेवढं विचारतील तेवढंच बोल. त्यांनी ऐकलं नाही. "मी माझ्या मुलीला पुढे घेतलं नाही. मी तिला मागे ठेवलं. आणि तिच्यासोबत सगळ्यांना मागे ठेवलं. नऊ मिनिटं होती तेव्हा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला तेव्हा विचारलं असतं, तर तो धावपट्टीवर उतरला असता."

सगळ्यांत शेवटी गवईचा जोडीदार वैमानिक आला. पाय गेलेला, कुबड्यांवर. मॅडम त्याला भेटायला घाबरत होत्या, पण तो भांडायला आला नव्हता. त्याने सांगितलं, की मुंगीच्या आजीने हवाईसुंदरीला कौतुकाने सांगितलं होतं, खाली मनोऱ्यावर माझी लेक बसते. ते गवईपर्यंत पोचलं. इंधन उतरायला लागलं तेव्हा जोडीदार त्याला म्हणाला, मेडे म्हणू या. गवई म्हणाला, "अरे थांब. तिची पोर आहे आपल्याकडे. आपण मेडे म्हटलं तर बाई हादरेल. नुसतं सुचवतो मी. आई आहे ती. विचारेलच."

मॅडम खाली बसल्या. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसल्या. तोफसाहेब नुसते काचेबाहेर बघत राहिले.

वर्ष उलटलं. चौकशीने मॅडमना काही महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. आता त्या दुसरा हेडफोन लावतात. मला त्यांनी खणातून काढून घरी आणलं. मी मुंगीच्या खेळण्यांच्या टोपलीत असतो. तिचा खांदा आता भरलाय, कपाळावर व्रण आहे. ती मला डोक्यावर चढवते, चिरडलेली वाटी तिच्या कानाला टोचते, तरी काढत नाही. उशा, डबे, बाहुल्या, सगळी तिची विमानं. "या," ती म्हणते, "तू पण ये, तू पण ये, सगळे या." तिच्या खेळात रांगच नाही. सगळे एकदम उतरतात. मॅडम दारात उभ्या राहून ऐकतात, पदर तोंडाला लावतात आणि आत न येता परत जातात.

मी आता नुसतं प्लॅस्टिक आणि तुटक्या तारा. माझ्यातून कुणाला काही ऐकू जाणार नाही. तरी तुम्ही एवढा वेळ ऐकलंत, तर एक विनवणी ऐका. परक्या माणसाची विचारपूस सगळे करतात. घोडं अडतं ते आपल्या माणसापाशी. तो सांगेल म्हणून आपण विचारत नाही, आणि आपण विचारू म्हणून तो सांगत नाही. दोघंही चांगली माणसं असतात, आणि मधे इंधन जळत असतं. तुमचं संपत आलं असेल, तर लाजू नका, मोठ्याने सांगा. आणि तुमच्या घरातलं कुणी हळूच म्हणालं, की जरा कमी पडतंय, तर नुसतं "समजलं" म्हणून गप्प बसू नका.